व्हालेचं पान

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात शेवटून दुसरं पान व्हालेचं असतं. शेवटचं पान कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याच्या जाहिरातीचं आणि त्याच्या आधी हे. वर मोठ्या वळणदार इंग्रजी अक्षरांत नुसतं ‘व्हाले’, खाली त्या वर्षी शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षकांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळी. ओळीही ठरलेल्या. कष्टाळू, विद्यार्थिप्रिय, हसतमुख. अख्खी नोकरी पोरांवर खेकसण्यात घालवलेली माणसंसुद्धा त्या पानावर हसतमुख होतात.

शब्द लॅटिन आहे. शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी तो कुठल्यातरी जुन्या इंग्रजी शाळेच्या अंकातून उचलला म्हणे. ते गेले, त्यांच्यानंतरचे गेले, शब्द मात्र कुणी हलवला नाही. वाशीतल्या आमच्या शाळेत लॅटिन येणारं चिटपाखरूही नाही. मुलं त्याला ‘वेल’ म्हणतात, ऑफिसातले क्लार्क ‘वाले’ म्हणतात, आणि तो तिथे काय म्हणून आहे हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक, की त्या पानावर फोटो आला म्हणजे माणूस गेला. स्टाफरूममध्ये कुणी फार कटकट करायला लागलं की दुसरा लगेच म्हणतो, “काय मॅडम, यंदा व्हाले का?”

मी मराठी शिकवते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी, म्हणजे माझी पत काय ती वेगळी सांगायला नको. जेवणानंतरचे तास माझे. पोरं पेंगलेली, पंखे घरघरणारे, आणि मी फळ्यावर केवलप्रयोगी अव्ययं लिहितेय. अरेरे म्हणजे दुःख, शाबास म्हणजे प्रशंसा, छी म्हणजे तिरस्कार. इतकी वर्षं हेच लिहिलं. आता खांदा दुखतो म्हणून फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला मी हात लावत नाही, आणि पोरांना वाटतं मॅडमना तेवढंच येतं.

अंकाच्या मराठी विभागाची मी संपादक. विभाग म्हणजे मोजकी पानं, त्यात ‘माझी आई’ निदान दोनदा. पण प्रुफं यायची वेळ झाली की सगळा अंक माझ्याच टेबलावर येऊन आदळतो. “मॅडम, तुमची नजर चांगली आहे.” नजर कसली चांगली, मोतीबिंदू काढायला डॉक्टर मागे लागलेत. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो हल्ली दुपारी दोनलाच संपतो.

तर फेब्रुवारीत प्रुफं आली. मी शेवटाकडून वाचायला घेतलं, कारण सुरुवातीला विश्वस्तांचे संदेश असतात आणि ते वाचून माझं डोकं उठतं. मिठाईवाला वाचला. मग व्हालेचं पान. फोटो तीन. पहिला पीटीच्या सरांचा, ते निवृत्त होत होते. दुसरा कम्प्युटरच्या मॅडमचा, त्या लग्न करून बंगळूरला चालल्या होत्या. आणि तिसरा माझ्या मैत्रिणीचा.

माझी मैत्रीण नववी-दहावीला गणित शिकवते. साताऱ्याकडची. कोरेगावजवळच्या खेड्यातून लग्न होऊन इकडे आली, कामोठ्यात राहते, नवरा वाशीच्या मार्केटात कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळतो. मी आणि ती एकाच वर्षी शाळेत लागलो. तेव्हापासून स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर शेजारीशेजारी. माझा डबा ती खाते, तिचा मी. तिच्या मराठीवर इंग्रजीच्या मॅडम हसायच्या आणि ती त्यांच्या पगारपत्रकातल्या चुका काढून द्यायची. कुणाची भीड म्हणून नाही तिला.

मागच्या गणपतीनंतर तिच्या पायांवर सूज दिसायला लागली. आम्ही दोघी म्हणालो, उभं राहून राहून होतं असं. माझेही पाय सुजतातच की. मग एक दिवस वर्गातच तिला घेरी आली. तपासण्या झाल्या, आणि दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शाळेतून बिनपगारी रजा. हजेरीपटावर तिचं नाव होतं आणि त्याच्यापुढे रोज ‘रजा’ लिहिलेलं असायचं. तिच्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवायचे. कुणी बसायला आलं की म्हणायचे, “इथे बसू नका, जूनमध्ये येणार आहे ती.” नवीन शिक्षक बिचारे उभ्या उभ्या चहा प्यायचे.

आणि आता प्रुफात तिचा फोटो. खाली ‘कष्टाळू, विद्यार्थिप्रिय, हसतमुख’.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. राजीनामा नाही, नोटीस नाही, आणि आजारी बाईला एका पानावरून परस्पर बाहेर काढायची? पान तसंच हातात घेऊन मी खाली मुख्याध्यापिकाबाईंच्या ऑफिसात गेले. स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर, ऑफिस तळमजल्यावर. उतरताना माझे गुडघे चढण्यापेक्षा जास्त बोंबलतात. एरवी चहासुद्धा मी वरच मागवते.

“मॅडम, हिने राजीनामा दिलाय का?” मी पान टेबलावर ठेवलं.

मुख्याध्यापिकाबाई माझ्यापेक्षा वयाने लहान. दादरला वाढलेल्या, मराठीच, पण ऑफिसात बोलणं मोजूनमापून, मध्येमध्ये इंग्रजी पेरलेलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून ऑफिसचं दार लोटून घेतलं.

“बसा ना मॅडम.”

“बसायला नाही आले. दिलाय का?”

“असं बघा, व्हाले म्हणजे काही टर्मिनेशन नाही. इट्स अ विश.” त्यांनी मोबाइल काढला आणि डिक्शनरी उघडून माझ्यापुढे धरली. “वाचा. इंटरजेक्शन. निरोपाच्या वेळी म्हणायचा शब्द. आणि मूळ अर्थ बघा काय दिलाय. ठणठणीत राहा, बळकट राहा. आजारी माणसाला याहून चांगलं आपण काय म्हणणार?”

शब्दात पकडणं हा माझा धंदा, आणि ही बाई मलाच शब्दात पकडत होती. मी म्हटलं, “असं असेल तर सर्दी झालेल्यांचे फोटोसुद्धा छापा.” आणि आले निघून. वर येईपर्यंत दम लागला. राग असा पायऱ्यांवरच अर्धा जिरतो, हे एक बरं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले आणि कपाटातला जाडा शब्दकोश मांडीवर घेतला. बाई खोटं बोलत नव्हत्या. तो शब्द एक आज्ञाच आहे. धट्टाकट्टा राहा. जुने रोमन लोक पत्राच्या शेवटी तो लिहायचे, जसं आपण ‘कळावे’ लिहीत होतो. माणूस समोरून निघाला की तोंडानेही म्हणायचे. आणि माणूस कायमचा गेला की तोच शब्द त्याच्या थडग्यावर कोरायचे. मेलेल्याला ठणठणीत राहा म्हणायचं, कमाल आहे की नाही? पण वापर आहे खरा. इंग्रजांनी तो उचलला तो असा, दोन्ही टोकांनी वापरून झालेला. त्यांच्याही बोलण्यात तो कुणी वापरत नाही. गाडी सुटताना कुणी खिडकीतून व्हाले ओरडत नाही. तो छापायचा शब्द आहे. शाळेच्या अंकात, मृत्युलेखाच्या वर, कुणाच्या तरी निवृत्तीच्या भाषणाच्या शेवटी. ज्याला म्हणायचं तो समोर नसतो तेव्हाच तो म्हणतात.

आपल्याकडे मुळात या बाबतीत भारी खबरदारी. ‘जाते’ म्हणायचं नाही. दारातून पाऊल बाहेर टाकताना ‘येते’ म्हणायचं. लहानपणी चुकून जाते म्हटलं की आई चप्पल काढायला लावून परत घरात बोलवायची आणि पुन्हा नीट म्हणून घ्यायची. मैत्रीण तर याबाबत इतकी कडक, की शेवटचा तास संपवून वर्गातून निघतानाही पोरांना “येते रे” म्हणायची, आणि पोरं “नका येऊ मॅडम” म्हणून ओरडायची. आजारपणाच्या रजेवर गेली त्या दिवशीही तिने स्टाफरूमच्या दारात हेच म्हटलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. अशा बाईच्या नावावर परस्पर निरोप छापायचा, आणि वर म्हणायचं ही शुभेच्छा आहे!

अव्ययांच्या तक्त्यात व्हाले कुठल्या रकान्यात घालावा हेसुद्धा मला ठरवता येईना. दुःख? आनंद? प्रशंसा? पाणी गार झालं तरी मी पाय काढले नाहीत. उठायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेले. या वेळी तयारीने. म्हटलं, “मॅडम, हा शब्दच चुकलाय. व्हाले एकाला म्हणतात. अनेकांना म्हणायचं तर व्हालेते. आपल्या पानावर तीन माणसं आहेत. हे पान असं छापणं म्हणजे शाळेची शोभा.”

“मग व्हालेते करू या का?”

“नको. एक फोटो कमी करा.”

“पण मॅडम, दोन उरले तरी अनेकवचनच ना?”

मराठीच्या बाईला अनेकवचन शिकवलं त्यांनी. मी खजील होऊन वळले. जाताना वाटलं, त्या हसू दाबतायत. म्हटलं, हसा. आजारी माणसाला घालवताना हसू येतं तुम्हाला.

मग ते रोजचंच झालं. मधल्या सुट्टीत डबा अर्धवट टाकून मी खाली जायचे आणि काहीतरी नवं काढायचे. एकदा म्हटलं, पालक विचारतील. एकदा म्हटलं, मी मराठी विभागच काढून घेते, छापा मग मिठाईवाल्याला आणि विश्वस्तांना. त्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, “असं करू नका, मुलं हिरमुसतील.” खरं तर सहा पोरं सोडली तर कुणाला पत्ता लागला नसता. एकदा नुसतीच जाऊन बसले, काही सुचलं नाही म्हणून. बाईंनी पाणी मागवलं. त्यांचं एक पालुपद ठरलेलं, “माझ्या हातात असतं तर, मॅडम.” कुणाच्या हातात होतं मग? त्यांच्या तोंडावर आठी नाही, आवाज चढलेला नाही. उशीवर बुक्क्या मारल्यासारखं व्हायचं मला. प्रेसवाला घाई करतोय असं क्लार्क सांगायचे आणि तरी बाई म्हणायच्या, “थांबू दे त्याला गुरुवारपर्यंत.” मला वाटायचं, माझ्या भांडणाचा थोडा तरी परिणाम होतोय.

मैत्रिणीला मी यातलं अक्षर कळू दिलं नाही. फोनवर रोज बोलायचो. ती विचारायची, “शाळंत काय नवीन?” मी म्हणायचे, “काही नाही गं, तेच रडगाणं.” ती म्हणायची, “आवाज बसलाय तुझा. भांडलीस काय कुणाशी?” मी म्हणायचे, “पोरं ओरडायला लावतात.” त्यावर तिला लगेच खोकला यायचा. मला वाटायचं, दमली असेल.

खरं सांगायचं तर मीही दमले होते. आता हे सोडून द्यावं असं रोज सकाळी वाटायचं. निवृत्तीला माझी मोजकी वर्षं उरलेली, बाईंशी वाकडं घेऊन मला काय मिळणार? पण स्टाफरूममध्ये आले, ती खुर्ची दिसली, की पर्स तिच्यावर ठेवायची आणि पुन्हा खाली जायची तयारी. तिचं हजेरीपटावरचं नाव तेवढं टिकलं पाहिजे, मग पुढचं पुढे. डायलिसिसवर असलेली माणसं कामाला जातात, मी वाचलं होतं. ती जूनमध्ये येईल. खालच्या मजल्यावरचे वर्ग देता येतील. खुर्चीवर बसून शिकवेल. मी हे सगळं मनात इतक्यांदा मांडलं होतं, की मला ते होऊन गेल्यासारखंच वाटायचं.

रविवारी मी तिच्याकडे कामोठ्याला गेले. बस हायवेवर रेंगाळली. उन्हाने जीव नकोसा झाला होता. तिच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. तिसरा मजला. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. “या वहिनी,” म्हणाला, “ती वाटच बघत होती,” आणि लगेच चहाला आत गेला.

ती गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. अर्धी झालेली. चेहऱ्याचा रंग मातकट. पण डोळे तेच, चूक सापडली की चमकणारे.

“आगं बस की. जिना चढून आलीस? काय बया तू. फोन केला असतास तर मी गॅलरीतनं टोपली सोडली असती, तीत बसायचं.”

डाव्या हाताला पट्टी होती. तिथून सुया घालतात. तिने माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. कातडीखाली काहीतरी बारीक थरथरत होतं. “मांजर पाळलंय,” ती म्हणाली, “दिवसरात्र गुरगुरतंय.” मी हात काढून घेतला. मला ते सोसेना.

चहा आला. मला कपभर, तिला दोन घोट. दिवसभराचं पाणी तिला बाटलीत मापून ठेवलेलं असतं, चहा त्यातच धरायचा. ती माझ्या कपाकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाही हे मला दिसत होतं. मी चहा घाईने संपवला आणि जीभ भाजून घेतली. नवरा भाजी आणायला म्हणून खाली गेला. आम्हाला दोघींना बोलू द्यावं एवढी समज त्या माणसाला आहे.

मी नेहमीचं सुरू केलं. जूनमध्ये वेळापत्रक कसं लावून घ्यायचं, खालचे वर्ग कसे मागायचे. ती ऐकत होती. मग मध्येच म्हणाली, “फोटो चांगला आलाय ना गं?”

“कुठला फोटो?”

“अंकातला. ह्यांनीच काढला, हितंच, गॅलरीत. तीन-चार काढले. एकात डोळे मिटलेले, एकात मागं शेजाऱ्यांची चादर वाळत घातलेली. त्यातला त्यात बरा तो धाडला.”

मी तिच्याकडे नीट पाहिलं. नाकावर तो नवा चष्मा होता, रजेत घेतलेला. प्रुफातही तोच होता. एवढा वेळ ते पान हातात घेऊन भांडले आणि मला चष्मा दिसला नाही. चांगली नजर म्हणे.

“तू दिलास फोटो?”

“मग काय चोरून काढला व्हय त्यांनी?” ती हसली. मग म्हणाली, “जानेवारीतच राजीनामा धाडला मी, तीन महिन्यांच्या नोटिशीनं. मॅडमनी दोनदा परत घेतेस का म्हणून विचारलं. मीच न्हाई म्हटलं. आगं, पोरांचं दहावीचं वर्ष. माझ्या नावावर तास आणि शिकवायला आज हा, उद्या तो. किती दिवस चालवायचं? डायलिसिस झालं की दुसरा दिवस नुसता पडून जातो. फळ्याशी उभी राहीन म्हणतेस, मला भात लावायला उभं राहवत न्हाई.”

मला इतका राग आला. मुख्याध्यापिकेचा नाही, हिचा. “मला का नाही सांगितलंस? मी तिथे रोज जीव जाळतेय. गुडघे मोडून घेतेय. आणि तुम्ही दोघी मिळून मला वेड्यात काढताय?”

“सांगणारच होते.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “मॅडमना म्हटलंवतं, तिला मी सांगते, तुमी बोलू नका. पण मग त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, तुमची मैत्रीण आली होती, लई भांडली, म्हणाली सर्दी झालेल्यांचे फोटो छापा. मी डायलिसिसला होते तवा. इतकी हसले, नर्स पळत आली, म्हणाली काय होतंय, दुखतंय का? म्हटलं, राहू दे. अजून दोनदा भांडू दे तिला, मग सांगते.”

“आणि?”

“आणि मॅडम डायलिसिसच्या दर दिवशी फोन करायला लागल्या. आज अनेकवचन काढलं तिनं. आज राजीनामा देते म्हणाली मराठी विभागाचा. मी वाट बघत बसायचे गं. तिथं चार तास काय करायचं असतं? छताकडं बघायचं. आजूबाजूला सगळी तशीच माणसं. फोन वाजला की मला वाटायचं, चला, आपल्या नावाचं अजून भांडण चालू हाय.” तिचा आवाज बारीक झाला. “तू भांडतीयस तोवर मी शाळा सोडलेली न्हाई असं वाटतं मला. सोडली हाय, ते कळतंय की. पण कुणीतरी तिथं उभं राहून म्हणतंय ना, की ही अजून हाय आमची. आता तू सोडलंस की मग संपलं.”

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिच्या अंगात तेवढं पाणी तरी कुठे होतं? तिने तिच्या मापाच्या बाटलीतलं पाणी मला पुढे केलं, आणि मी “वेडी आहेस का” म्हणून ओरडले, आणि बाटलीचं बूच घट्ट लावलं. खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता, तिचा नवरा त्याच्याशी घासाघीस करत होता.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. वाऱ्याला डोळे मिटले तरी झोप लागेना. मनात मांडून ठेवलेलं जूनचं वेळापत्रक पुसायला लागत होतं, आणि ते पुसण्याचा मला थकवा आला. इतकी दमले होते, की स्टॉप आला तेव्हा उठायला कंडक्टरने दोनदा हाक मारली.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला, मिटला आणि खाली गेले. जिना नेहमीपेक्षा लांब वाटला. मुख्याध्यापिकाबाई एकट्याच होत्या. प्रुफाचं ते पान त्यांच्या टेबलावर वरच होतं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

“भेटून आलात?”

“हो.”

त्या मान खाली घालून पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. “मला तुम्हाला सांगायचं होतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. त्या ऑफिसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऑफिसातला वाटला नाही. “पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण त्यांनी शब्द घेतला होता.”

मी पान माझ्याकडे ओढलं. तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

“हा फोटो काढून टाका,” मी म्हटलं. “ती कुठेही गेलेली नाही. हे मी चालू देणार नाही.”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मोबाइल हाताशी घेतला आणि समोरची खुर्ची माझ्यासाठी पायाने सरकवली.

“आज जरा लांबवा, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आज त्यांच्या डायलिसिसचा दिवस आहे.”

मी बसले आणि पहिल्यापासून सुरू केलं.